दोघांपुरतं गोड



आजचा विषय अगदी छोटा आहे. किती छोटा, तर दोन वाट्यांएवढा. फळांचं, भट्टीत भाजलेलं एक हलकं गोड. त्यात दूध नाही, तूप नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधही नाही. आणि ते करायचं फक्त दोन माणसांसाठी. आपण महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात कुठेही असा, मी जे सांगणार आहे ते तुमच्या स्वयंपाकघरात होईल. मी ते बेंगळुरूत करते, म्हणून उदाहरणं इथली येतील.

कृतीकडे वळण्याआधी एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही ते ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ‘दोनच तर माणसं, कशाला करायचं?’

आपलं गोडधोड मुळात पंक्तीचं. पुरण शिजवायचं तर किलोभर डाळीचं. श्रीखंडाचा चक्का बांधायचा तर पातेलंभर दह्याचा. अनारसे, करंज्या, लाडू, सगळं डब्यांनी मोजायचं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं माप घराघरांत पोचवलं. पण वाटी-चमचा हातात आला तरी मनातलं माप चार-सहा माणसांचंच राहिलं. मग मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडतात, घरात दोघं उरतात आणि पहिली सुट्टी मिळते ती गोडाला. भाजी-पोळी होते, आमटी होते, गोड मात्र विकत येतं, नाहीतर येतच नाही.

बेंगळुरूत अशी दोघांची घरं मराठी वस्तीत पुष्कळ आहेत. व्हाइटफील्डला नोकरी करणारं तरुण जोडपं, किंवा मुलाच्या जवळ राहायचं म्हणून कोल्हापूर-नागपूरहून येऊन त्याच इमारतीत वेगळा फ्लॅट घेतलेले आई-वडील. आमच्या इमारतीत साताऱ्याकडच्या एक काकू आहेत. काकांना दूध सोसेनासं झालं, पोट फुगायचं, दुखायचं. डॉक्टरांनी दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले. काकू मला म्हणाल्या, ‘अगं, ह्यांच्यासमोर मी खीर कशी खाऊ? हे म्हणतात तू खा, मी म्हणते तुम्ही नाही तर मीही नाही. असं करत दिवाळी गेली बघ.’ मी म्हटलं, ‘काकू, दोघांना चालेल असं काहीतरी करू या.’ त्यावर उत्तर आलं ते हेच, ‘दोघांसाठी कुठे भट्टी लावायची गं!’

मंडळी, इथे दोन अडचणी दिसतात. एक, माणसं दोनच. दुसरी, दूध-तूप नको. आपण त्या दोन वेगळ्या अडचणी समजतो. माझं आजचं म्हणणं असं आहे की या दोन अडचणी एकमेकींना सोडवतात. ते कसं, ते बघू.

चार-सहा माणसांच्या केकची कृती घ्या आणि ती निम्मी करायला बसा. पिठाचं निम्मं होतं, साखरेचं होतं. अंडं एक असेल तर? अर्धं अंडं कसं घालणार? फेटून वजन करायचं, पंचवीस ग्रॅम घ्यायचं, उरलेलं झाकून ठेवायचं. बिनअंड्याचा केक करायचा म्हटलं तर आपल्याकडे तो बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्कवर होतो. तो डबा चारशे ग्रॅमचा. दोघांच्या केकला त्यातलं पाव लागणार, उरलेला डबा फ्रिजमध्ये दोन आठवडे आपल्याकडे बघत राहणार. क्रीमचं तेच. म्हणजे छोटं माप अडतं ते नेमकं अंडं आणि दूध या दोन ठिकाणी. ते दोन्ही काढून टाकले तर उरतं काय? फळ, पीठ, गूळ, तेल. यांतलं काहीही चमच्यानं मोजता येतं. उरलेलं पुन्हा बरणीत जातं, वाया जात नाही.

आता ‘व्हीगन’ या शब्दाबद्दल दोन मिनिटं. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हा आला. प्राण्यांपासून येणारं काहीही खायचं नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘शाकाहारी’ म्हटलं की दूध-तूप त्यात गृहीत असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तेवढंच सांगतो. बिस्किटाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो आणि आत दुधाची पावडर असते. म्हणून २०२२ साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि हिरव्या ‘व्ही’चं वेगळं चिन्ह दिलं. ज्यांच्या घरात दूध चालत नाही त्यांनी ठिपक्यावर न थांबता मागची घटकांची यादी वाचावी. आणि आपल्याला नेमकं काय चालत नाही ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं. दुधातली साखर पचत नाही ही एक गोष्ट, दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही अगदी दुसरी गोष्ट. पहिल्या प्रकारात अनेकांना तूप सोसतं, दुसऱ्या प्रकारात तेही जपून. आज आपण जे करणार आहोत ते दोघांनाही चालावं असं आहे.

काही जण म्हणतील, अंडं नाही, दूध नाही, मग ते बेकिंग कसलं? त्यांना मी बेंगळुरूच्या अय्यंगार बेकऱ्यांकडे पाठवीन. चिकपेटेतली बीबी बेकरी १८९८ सालची, या शहरातल्या अय्यंगार बेकऱ्यांचं मूळ तिच्याकडे नेतात. हसन जिल्ह्याकडून आलेल्या कुटुंबांनी ही कला उचलली आणि अंडं न घालता पाव, बन, केक भाजायला सुरुवात केली. आज गल्लोगल्ली त्यांच्या बेकऱ्या आहेत. तिथला खारा बन, दिलपसंद, वरून जॅम आणि खोबरं लावलेला हनी केक खाताना कुणी म्हणत नाही की यात काहीतरी कमी आहे. तिथे दूध-लोणी असतंच, तेव्हा ते पदार्थ व्हीगन नव्हेत. पण एक मोठी गोष्ट काढून टाकूनही या शहरानं सव्वाशे वर्षं आनंदानं बेकरी खाल्ली. आपण त्याच्या पुढचं एक पाऊल टाकतोय.

मात्र पदार्थ नीट निवडायला हवा. केकमध्ये अंडं तीन कामं करतं: बांधून ठेवतं, फुगायला मदत करतं, ओलावा देतं. लोणी मऊपणा आणि वास देतं. ही सगळी कामं दुसऱ्या कशाकडून तरी करून घेता येतात, पण त्यात खटाटोप आहे. त्यापेक्षा असा पदार्थ घ्यावा ज्यात ही कामंच नाहीत. क्रंबल हा तसा पदार्थ. खाली फळाच्या फोडी, वर भुरभुरीत पिठाचा थर, आणि भाजणं. ब्रिटिश घरांतला हा साधा पदार्थ. पाय करायचा तर पारी लाटावी लागते आणि तिला लोणी सढळ लागतं. क्रंबलला थोडक्यात भागतं आणि लाटणंही नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर मिळायला लागली. तशा दिवसांत असा पदार्थ किती सोयीचा, हे सांगायला नको.

क्रंबल निवडण्याचं आणखी एक कारण आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे वीस मीटर उंच आहे. इथे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, साधारण सत्त्याण्णवला उकळतं. हवेचा दाब कमी, म्हणून केक लवकर फुगतो आणि कधी मधे बसतो. मुंबईची कृती इथे जशीच्या तशी चालेल याची खात्री नसते. क्रंबलमध्ये फुगायचं काहीच नाही, म्हणून बसायचंही काही नाही. मुंबईत करा, महाबळेश्वरला करा, फरक पडत नाही.

आणि भांड्याचं गणित लक्षात ठेवा, हे कुठल्याही पदार्थाला लागू आहे. वीस सेंटिमीटरच्या गोल भांड्यातली कृती निम्मी केली, तर दहा सेंटिमीटरचं भांडं घ्यायचं नाही. त्याचं क्षेत्रफळ निम्मं नाही, पाव होतं. निम्म्यासाठी चौदा सेंटिमीटरचं भांडं लागतं. जुन्याच मोठ्या भांड्यात निम्मं ओतलं तर थर पातळ होतो आणि वाळतो. म्हणून आपण सरळ दोन वाट्या घेऊ. आमटीसाठी घेतो तशा स्टीलच्या, प्रत्येकी दोनशे मिलिलिटरच्या. काचेची वाटी घेणार असाल तर ती ओव्हनची आहे ना, हे बघून घ्या.

आता फळ. बेंगळुरूत फळ घ्यायला मी हॉपकॉम्समध्ये जाते. ही बागायतदारांची सहकारी संस्था १९५९ साली द्राक्षवाल्यांची संस्था म्हणून सुरू झाली. लालबागेशी आणि उद्यान खात्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या डॉ. एम. एच. मरीगौडा यांचा त्यात मोठा वाटा. भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि दोन आंबे घेतले तरी वजन करून देतात. विकणारा विचारतो, ‘एरडे साका?’ म्हणजे दोनच पुरे का? आपण म्हणायचं, ‘साकु.’ पुरे. कन्नड येत नसलं तरी हा एक शब्द शिकून ठेवा, दोघांच्या घरात फार उपयोगाचा आहे.

मे-जूनमध्ये इथे आंबा. आपल्या हापूसला इथे बादामी म्हणतात, हे नव्यानं आलेल्या मराठी माणसाला कळायला एक मोसम लागतो. भाजायला मात्र नुसता हापूस घेऊ नका. तो मऊ आणि फार गोड, भट्टीत त्याचा रस होतो. त्याच्या जोडीला तोतापुरी घ्या. या आंब्याचं दुसरं नाव बंगलोरा, म्हणजे याच शहराचं. तोतापुरी घट्ट आणि आंबटसर, फोड फोडीसारखी राहते. दोन भाग तोतापुरी, एक भाग बादामी, हे प्रमाण उत्तम.

काळ्या द्राक्षांत इथलं बंगलोर ब्लू आहे. भौगोलिक मानांकन मिळालेलं, चिक्कबळ्ळापूर, कोलार, बेंगळुरू ग्रामीण भागात होणारं. त्याला बिया असतात, पण साल सहज सुटतं. द्राक्ष दाबलं की गर टुपकन बाहेर येतो. गर पाच मिनिटं शिजवून गाळणीतून चेपायचा, बिया वर राहतात. मग सालं परत गरात घालायची, कारण रंग आणि वास तिथेच आहे. थोडं काम आहे, पण जांभळा रंग बघितला की श्रम विसरता. नाशिककरांनी आपली बिनबियांची द्राक्षं तशीच घ्यावीत. थंडीत पेरू, बिया काढून. अननस केव्हाही. आणि काहीच नसेल तर वेलची केळी, इथली एलक्की बाळे, सोबत सफरचंदाच्या फोडी.

आता माप लिहून घ्या. दोन वाट्यांचं आहे, म्हणजे दोन माणसांचं.

फळ सोलून, कापून अडीचशे ग्रॅम. फोडी दोन सेंटिमीटरच्या, फार बारीक नकोत. त्यात चिरलेला गूळ दोन लहान चमचे, लिंबाचा रस एक लहान चमचा, आरारूट एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ. फळ खूप गोड असेल तर गूळ निम्मा. आरारूट नसेल तर कॉर्नफ्लोअर चालेल. हे काय करतं? फळाचा रस सुटतो, त्याला घट्ट धरतं. नाहीतर वाटीत तळाला पाणी साचतं.

वरच्या थराला नाचणीचं पीठ पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाव वाटीच्या आसपास. ओट्स वीस ग्रॅम. बदामाचे काप किंवा शेंगदाण्याचं जाडसर कूट दहा ग्रॅम. गूळ पंधरा ग्रॅम, खोबरेल तेल पंधरा ग्रॅम, वेलची किंवा दालचिनी, आणि पुन्हा चिमूटभर मीठ.

नाचणी कर्नाटकाचीही आणि कोकण-कोल्हापूरचीही. तिच्यात ग्लूटेन नाही, म्हणून कितीही हाताळली तरी थर चिवट होत नाही. ती आधी मंद आंचेवर चार-पाच मिनिटं कोरडी भाजून घ्या, लाडवाला भाजतो तशी. कच्चट वास जातो. दूध सोडलेल्यांना नाचणी सुचवतात ती कॅल्शियमसाठी, शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. पण हिशेब खरा करा. आपल्या एका वाटीत नाचणी जेमतेम बारा-तेरा ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आसपास. छान आहे, पण त्यावर विसंबू नये. दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी कॅल्शियम आणि बी-१२ याबद्दल डॉक्टरांशी बोलावंच.

खोबरेल तेलाची एक गंमत. ते चोवीस-पंचवीस अंशांना विरघळतं. बेंगळुरूच्या डिसेंबरात बाटलीत गोठतं, नागपूरच्या मे महिन्यात पाण्यासारखं असतं. भुरभुरीत थरासाठी ते घट्टच हवं. घट्ट तेल पिठात बोटांनी चोळलं की कण तयार होतात, पातळ तेलानं पीठ नुसतं ओलं होतं. तेव्हा उन्हाळ्यात आणि गरम गावांत तेल मोजून वाटीत घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग नाचणी पूर्ण गार झाल्यावर सगळं एकत्र चोळा. कण होत नसतील तर थंड पाण्याचा एक लहान चमचा शिंपडा, जास्त नको. तेल खाण्याचंच घ्या, वास आवडत नसेल तर शेंगदाण्याचं चालतं. ते घट्ट होत नाही, म्हणून थर थोडा वाळूसारखा होईल, चवीला मात्र छान लागतो.

वाट्यांत फळ भरा, काठापासून दोन बोटं जागा सोडा, वर थर पसरा. दाबू नका, वाफेला वाट हवी. ओटीजी एकशे ऐंशी अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्या आणि वाट्या ताटलीत ठेवून आत ठेवा. पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. पण घड्याळापेक्षा वाटीकडे बघा. कडेनं घट्टसर रस बुडबुडायला लागला की आरारूट शिजलं, फळ झालं. बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. रस गार होतानाच घट्ट होतो, आणि जीभही भाजत नाही. वीज म्हणाल तर हजार वॉटचा छोटा ओटीजी पाऊण तास अखंड चालला तरी पाऊण युनिट होतं.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण घालून दहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक कढई नको, ती रिकामी तापवायची नसते. वाट्यांत फक्त फळ घाला आणि मंद-मध्यम आंचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. वरचा थर तेवढ्यात तव्यावर परतून कुरकुरीत करा आणि शेवटी फळावर घाला. एकत्र ठेवलंत तर झाकणातल्या वाफेनं थर मऊ पडतो.

‘हलकं’ या शब्दाबद्दल एवढंच. एका वाटीत तीनशेच्या आसपास कॅलरी होतात. हे काही जादूचं अन्न नाही. गूळ हीसुद्धा साखरच, मधुमेह असेल तर गुळाच्या नावाखाली सूट घेऊ नये. हलकं म्हणायचं ते यासाठी की वाटीत बहुतेक फळ आहे, स्निग्ध पदार्थ माणशी अर्धा मोठा चमचा आहे, आणि वाटी संपली की पदार्थ संपला. उद्या पुन्हा, परवा पुन्हा असं फ्रिजमधून बोलावणारं काही उरत नाही. छोट्या मापाचा हा सगळ्यात मोठा फायदा.

काकूंनी तोतापुरीचं करून पाहिलं. नाचणी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खमंग भाजली आणि वेलचीऐवजी जायफळ घातलं, ते मला आता जास्त आवडतं. काका म्हणाले, ‘अजून आहे का?’ काकू म्हणाल्या, ‘नाही. माझ्यातलं अर्धं घ्या हवं तर.’ बऱ्याच दिवसांनी त्या घरात एकच पदार्थ दोघांच्या पुढे होता.

मंडळी, पंक्तीचं माप सोडायला कुणी सांगत नाही. पाहुणे आले, सण आला की ते आहेच. पण सणांच्या मधले दिवसही आपलेच असतात, आणि त्या दिवसांचंही एक माप हवं. कुणाला दूध चालत नाही, कुणी प्राण्यांच्या विचारानं सोडलंय, कुणाच्या घरात व्हीगन सून किंवा जावई आलाय. अशा वेळी एकासाठी वेगळं करण्यापेक्षा दोघांना चालेल ते एकच करावं. दोन माणसं म्हणजे चाराचे निम्मे नव्हेत. दोघं हे पूर्ण कुटुंब आहे आणि दोन वाट्या हे पूर्ण माप आहे.

या आठवड्यात जे फळ तुमच्या बाजारात स्वस्त आणि पिकलेलं असेल, त्याचं अडीचशे ग्रॅम आणा आणि करून बघा. ओट्स नसतील तर जाडे पोहे कुटून घाला, चालतात.